झाड, भट्टी आणि दुकान : आबकारी कायद्याने केलेल्या वाटण्या

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींस, "आपला वाडवडिलांचा धंदा सुटला कसा?" असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते. "मुलगे शिकले, मुंबईस गेले, धंदा सोडला." हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. त्यातील 'सोडला' हे क्रियापद आम्हांस कित्येक दिवस खटकत होते. हौसेने सोडलेली वस्तू आणि हातातून काढून घेतलेली वस्तू यांची नोंद घराच्या वहीत एकाच खाती होऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. मद्याची भलामण करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. दारूपायी बसलेली घरे या किनाऱ्यावर आम्हीही पाहिली आहेत, आणि मुलांनी कोयत्याऐवजी पाटी हाती घ्यावी म्हणून ज्या समाजधुरीणांनी हाडाची काडे केली त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. आमचा विषय निराळा आहे. रस काढणे, त्याची दारू गाळणे आणि ती विकणे या एकाच धंद्याच्या तीन पायऱ्या होत. त्यांपैकी किती पायऱ्या एका माणसाने आपल्या हाती ठेवाव्यात हे कायद्याने ठरवावे काय, आणि ठरविल्यास कोणासाठी, हा तो प्रश्न. जगातील पुष्कळ देशांत यावर कायदे झाले आहेत. आपल्या किनाऱ्यावर तो कायदा सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आला. मात्र तो उलट्या तोंडाने आला.

आजच्या तरुण वाचकांपैकी थोड्यांनीच माड काढताना पाहिला असेल. म्हणून त्या कामाचे थोडे वर्णन करणे भाग आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूस माडाचे दोन भाग लोक पूर्वी तोंडीच पाडीत. ज्याचे नारळ घ्यावयाचे तो नारळमाड, आणि ज्याचा रस घ्यावयाचा तो भंडारमाड. भंडारमाडाची पोय उमलण्यापूर्वीच ती दोरीने आवळून बांधावयाची, लहानशा ठोकणीने काही दिवस हलक्या हाताने सर्व बाजूंनी ठोकावयाची, मग तिचे टोक छाटून त्याखाली मडके बांधावयाचे. ठोक अधिक बसला तर पोय कुजते. कमी बसला तर रस उतरत नाही. हे हाताचे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई. ते कोणत्याही पुस्तकात उतरलेले आम्हांस आढळले नाही. रस उतरविण्यासाठी सकाळ-संध्याकाळ आणि पोयीचे टोक पुन्हा ताजे छाटण्यासाठी मध्ये एकदा, अशा दिवसातून तीन खेपा झाडावर कराव्या लागत. पावसाळ्यात बुंधा शेवाळून निसरडा झाला तरी खेप चुकवून चालत नसे. कारण एक दिवस टोक छाटले नाही तर ते सुकते आणि रसाची धार बंद पडते. झाडावरून पडून अधू झालेला पुरुष नाही असे घर जुन्या वाड्यांतून क्वचितच सापडे. समुद्रावरचे आपल्या लोकांचे शौर्य इतिहासाने लिहून ठेविले आहे. १६७९ साली खांदेरीच्या झुंजीत मायनाक भंडारी यांनी गाजविलेला पराक्रम शाळेतील मुलासही ठाऊक असतो. माडावरचे शौर्य मात्र कोणी लिहिले नाही.

झाडावरून उतरताच रस गोड असतो; ती नीरा. मडक्यास आतून चुना लावला तर ती काही वेळ गोड राहते, एरवी थोड्याच तासांत ती आंबू लागते आणि तिची माडी, म्हणजेच सूर, होते. नीरेपासून गूळ, आणि सुरेपासून शिरका, पाव-रोटीसाठी आंबवण व भट्टी लावून फेणी, असे अनेक पदार्थ होत. रस टिकाऊ नाही ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढील सर्व कायदेशीर इतिहासाची किल्ली तिच्यात आहे. भाताचा शेतकरी दर पडला तर कणगी भरून ठेवू शकतो. माड काढणाऱ्याने सकाळी उतरविलेला माल संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी हवाली झालाच पाहिजे. अशा मनुष्यास गिऱ्हाईक एकच ठेवले, तर भाव ठरविण्याचा अधिकारही त्या एकाच गिऱ्हाइकाकडे जातो.

जुन्या व्यवस्थेत ही अडचण त्यास बाधत नसे. १८१२ साली करवीरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले. त्यापूर्वीही झाडांवर कर होता, त्यानंतरही मक्ते दिले जात होते. पूर्वी सर्व काही रामराज्य होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु काढणारा, गाळणारा आणि विकणारा हा पुष्कळ ठिकाणी एकच असे. घरच्या ओसरीवर सूर विकली गेली तर गेली, उरली तर परसातील लहान भट्टीवर चढली, नाही तर तिचा शिरका झाला. तिन्ही पायऱ्या घरात असल्याने एकीवर तोटा आला तरी दुसरीवर भरून निघे. बागेच्या मालकास त्याचा खंड किंवा वाटा मिळे. धंदा लहान होता, पण तो आपल्याच घरचा होता.

आता १८७८ सालाकडे येऊ. त्या साली मुंबई सरकारने पाचवा कायदा म्हणून मुंबई आबकारी कायदा केला. त्या काळी मुंबई इलाख्याच्या जकात, मीठ, अफू व आबकारी खात्याची सूत्रे प्रिचर्ड साहेबांच्या हाती होती, आणि नव्या आबकारी धोरणावर त्यांच्याच बुद्धीची छाप होती. कायदा वाचताना प्रथम त्यात काही जाचक वाटत नाही. परवान्यावाचून दारू गाळू नये, परवान्यावाचून रसाचे झाड छेदू नये, परवान्यावाचून विकू नये. कर वसूल करू पाहणारे कोणतेही सरकार असेच म्हणेल. पण तीन क्रियांस तीन परवाने झाले, एवढ्यानेच एका घराच्या तीन वाटण्या झाल्या. झाडाची झाडपट्टी निराळी, गाळण्याचा हक्क निराळा, दुकान निराळे. दुकान लिलावात जाई. गाळणे सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांत एकवटावे, घराघरांतील लहान भट्ट्या बंद व्हाव्यात, असे धोरण पडले. कारण शंभर लहान भट्ट्यांवर शंभर शिपाई ठेवण्यापेक्षा एका मोठ्या भट्टीवर एक चौकी ठेवणे खजिन्यास सोयीचे होते. सरकारच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब चुकीचा नव्हता. तो ज्याच्या पाठीवर मांडला गेला त्यास मात्र कोणी विचारले नाही.

याच कायद्यातील दोन तरतुदी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पहिली एक सवलत होती. ज्यास झाडाच्या रसावर हक्क आहे, त्याने तो रस विकण्याचा परवाना नसताही विकावा. मात्र तो ताडी-माडी करण्याचा वा विकण्याचा परवाना असलेल्या माणसासच विकावा. वरवर ही कृपा दिसते. तिचा व्यवहारातील अर्थ असा की, काढणाऱ्याने पिणाऱ्याच्या हाती थेट पेला देऊ नये. मध्ये दुकानदार असलाच पाहिजे. दुसरी तरतूद अशी की, देशी दारू तयार करण्याचा आणि ती ठोक वा किरकोळ विकण्याचा खास हक्क सरकारने पाहिजे त्यास मक्त्याने द्यावा. म्हणजे ज्याच्यापाशी लिलावात बोलण्याइतके भांडवल आहे त्याच्या हाती गाळणे आणि विकणे या दोन्ही पायऱ्या एकत्र येण्यास मोकळीक होती. आणि ज्याच्यापाशी कोयता व दोर यांवाचून काही नाही त्यास एका पायरीवरच उभे केले. एकाच कायद्याने लहानास बांधले आणि मोठ्यास मोकळे सोडले. आम्ही वर 'उलटे तोंड' म्हटले ते हेच.

परिणाम कसा झाला असेल हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. झाडपट्टी आगाऊ भरावी लागे. रस निघण्यापूर्वीच पैसा कोठून आणावा? तो दुकानदाराने द्यावा आणि त्याच्या फेडीपोटी सर्व रस त्याच्याच दुकानी पडावा, ही वाट अशा व्यवस्थेत आपोआप पडते. पट्टी चढली की उचल चढे. उचल चढली की रसाचा भाव पडे. उत्तरेस ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत वाढत्या झाडपट्टीविरुद्ध अर्ज-विनंत्या झाल्या. त्याच दोन जिल्ह्यांत १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी निराळा कायदा करून ती फुले बाळगण्यावरही बंधने घालण्यात आली. आदिवासीच्या अंगणातील फूल आणि आपल्या परसातील माड यांची गोष्ट एकच आहे, हे त्या काळच्या आपल्या मंडळींच्या फारसे ध्यानी आले नाही. जातीच्या उतरंडीत खालच्याशी आपले दुःख जुळते हे मान्य करणे मनुष्यास नेहमीच जड जाते.

येथे क्षणभर परदेशाकडे वळावे लागते, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू तेथे स्पष्ट दिसते. इंग्लंडात बिअर गाळणारे मोठे कारखानदार गावोगावची मद्यगृहे स्वतः विकत घेत, किंवा चालकास कर्ज देऊन आपलाच माल विकण्याच्या अटीने बांधून घेत. अशा दुकानास तेथे 'बांधलेले घर' म्हणत. अमेरिकेतही १९२० सालच्या दारूबंदीपूर्वी पुष्कळशा गुत्त्यांमागे कारखानदारांचाच पैसा होता; एकेका रस्त्यावर आपापला माल खपविण्यासाठी ते चढाओढीने गुत्ते उघडीत आणि लोकांस प्यावयास लावीत, असा त्यांच्यावरचा मोठा आरोप होता. ५ डिसेंबर १९३३ रोजी तेथील दारूबंदी उठली. ती उठविताना त्या लोकांनी जुनी चूक टाळण्याचा प्रयत्न केला. करणारा, ठोक विकणारा आणि किरकोळ विकणारा असे तीन थर निरनिराळे असावेत, वरच्या थराने खालच्या दुकानात भागी, कर्ज वा देणगी यांच्या द्वारे शिरू नये, असे निर्बंध पुष्कळ संस्थानांनी केले, आणि १९३५ साली मध्यवर्ती सरकारनेही तशा अर्थाचा कायदा केला. तेथे भिंत घातली गेली ती बलवानापुढे; दुकानदार दुबळा, कारखानदार सबळ, म्हणून सबळाचा हात दुकानाबाहेर ठेवावयाचा.

भिंत घातली म्हणजे सर्व साधले असे मात्र नाही. इंग्लंडात १९८९ साली सरकारने हुकूम काढून दोन हजारांहून अधिक मद्यगृहे असलेल्या कारखानदारांस वरच्या संख्येपैकी निम्मी मद्यगृहे बंधमुक्त करावयास लावली. कारखानदारांनी ती विकली. ती घेण्यास नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या स्वतः काही गाळीत नसल्याने हुकुमाच्या कक्षेत येत नव्हत्या, आणि त्यांनी चालकांस पुन्हा नव्या अटींनी बांधले. कायद्याच्या अक्षराला बगल देण्याची कला केवळ आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही.

परत आपल्या किनाऱ्यावर येऊ. तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीजांचे राज्य. १८७८ च्याच डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अमलात आला. मिठाचे आणि आबकारीचे ब्रिटिश हिंदुस्थानातील नियम गोव्यासही लागू करणे हा त्याचा एक भाग होता. दोन राज्यांतील दर निराळे असले की माल स्वस्त बाजूने महाग बाजूस वाहतो, हे उघडच होते. त्यामुळे तेथील सूर काढणाऱ्यांवरही नव्या करांचा बोजा आला आणि असंतोष माजला. १८९२ च्या जानेवारीत तहाची मुदत संपली, तो पुन्हा केला गेला नाही. तो संपल्यावर गोव्याची आबकारी आपल्या निराळ्या वाटेने गेली, आणि लहान भट्टीवाला तेथे टिकून राहिला. एकाच जातीच्या माडाचा, एकाच हातोटीने काढलेला रस. पण खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचे भवितव्य दोन झाले. जातीचा स्वभाव, आळस, व्यसन असली कारणे सांगणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

आबकारी पद्धतीवर टीका झाली नाही असे नाही. १८८८ च्या अलाहाबाद येथील राष्ट्रसभेत तिच्याविरुद्ध ठराव झाला. पुढील वर्षी, ३० एप्रिल १८८९ रोजी, विलायतेच्या पार्लमेंटात सॅम्युएल स्मिथ यांनी हिंदुस्थानच्या आबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव मांडला, केन साहेबांनी त्यास बळ दिले, आणि सरकारच्या इच्छेविरुद्ध तो मंजूरही झाला. पण या टीकाकारांचा कटाक्ष होता तो पिणाऱ्यावर: दुकाने वाढतात, लोक बिघडतात, सरकार त्यावर पैसा मिळविते. काढणाऱ्याच्या हातून धंदा कोणाकडे गेला हा प्रश्न त्यांच्या व्याख्यानांत फारसा डोकावत नाही. त्यांची कळकळ खरी होती. पण उत्तर म्हणून सरकारने 'कमीत कमी खप, जास्तीत जास्त उत्पन्न' हे सूत्र पुढे केले, म्हणजे कर वाढविले, आणि वाढलेल्या कराचा पहिला दाब पुन्हा झाडावरच्या माणसावर पडला.

१९०५-०६ साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या आबकारी कमिटीने सर्व प्रांतांच्या पद्धती तपासल्या. दारूचा पुरवठा करण्याचा मक्ता आणि किरकोळ विक्रीचा हक्क हे एकमेकांपासून निराळे असावेत, पुरवठेदाराने ठरलेल्या दराने माल द्यावा व दुकाने स्वतंत्रपणे दिली जावीत, या पद्धतीकडे कमिटीचा कल होता. अमेरिकेच्या तीस वर्षे आधी हे तत्त्व येथील कागदावर उतरले होते, याचा आम्हांस कौतुकमिश्रित विषाद वाटतो. कौतुक यासाठी की विचार योग्य होता. विषाद यासाठी की तोवर घरोघरची भट्टी थंड झालेली होती. मक्तेदाराच्या हातून एक पायरी सुटली तरी ती ज्याची मुळात होती त्याकडे परत आली नाही. ती दुसऱ्या मक्तेदाराकडे गेली.

त्यानंतरचा काळ वाचकांस अधिक परिचित आहे. १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह गाजला. त्याच चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधने झाली आणि गुजरातेकडे ताडीची झाडेही तोडली गेली. आपल्या समाजातील तरुणांस त्या दिवसांत मोठा पेच पडला असला पाहिजे. चळवळीत जावे तर बापाच्या भाकरीवर कुऱ्हाड, न जावे तर देशद्रोह. कित्येकांनी भाकरी बाजूस ठेवली. त्यांच्या त्यागाची नोंद स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत होत नाही. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली, पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि ६ एप्रिल १९५० पासून सर्व मुंबई राज्यात बंदी लागू झाली. त्या कायद्याने माडी तर गेलीच, गोड नीरादेखील परवान्याखाली आली. आणि ते टाळणे कठीण होते, कारण सकाळची नीरा हीच दुपारची माडी. नीरा विक्री आणि ताडगूळ यांच्या योजना सरकारने काढल्या. त्यांत काहींची सोय झाली. पण झाडावर दिवसातून तीन खेपा करून जो रस मिळे, त्याच्या गुळाने मुंबईच्या गिरणीतील पगाराशी बरोबरी होणे शक्य नव्हते. तेव्हा बोटीत बसून तरुण मुंबईस गेले, आणि घरी कोयता आढ्यास लागला. घरातील वृद्ध जे 'सोडला' म्हणतात ते या शेवटच्या पिढीचे खरे आहे. परंतु तिने सोडला तो आधीच तुकडे झालेला धंदा.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल करण्यात आली आणि नव्या परवान्यांची व्यवस्था उभी राहिली. १९७३ च्या देशी दारू नियमांत निर्मितीस सीएल-१, ठोक विक्रीस सीएल-२, किरकोळ विक्रीस सीएल-३ असे निरनिराळे परवाने आहेत. म्हणजे तीन थरांची कल्पना नमुन्यांच्या क्रमांकांत दिसते. मात्र त्या वेळी पुन्हा विचारण्याजोगा प्रश्न विचारला गेला नाही: माड काढणाऱ्यास आपला रस आपल्या नावाने विकण्याची, लहान प्रमाणात गाळण्याची मुभा असावी की नाही? २००१ साली द्राक्ष उद्योगासाठी धोरण झाले, तेव्हा वाईन करणाऱ्यास आपल्या कारखान्याच्या आवारातच ती विकण्याची सोय मिळाली. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांचे कल्याण झाले याचा आम्हांस आनंदच आहे. पण करणारा आणि विकणारा एक असण्यात जर द्राक्षाच्या बाबतीत काही पाप नाही, तर माडाच्या बाबतीत ते कोठून आले, हे आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

अगदी अलीकडे, २०२५ साली, मद्य तयार करणाऱ्या कंपन्यांनाच किरकोळ दुकानांचे ३२८ नवे परवाने देण्याचा विचार सरकारपुढे असल्याचे वर्तमानपत्रांतून गाजले. अशा दुकानांचे नवे परवाने सुमारे पन्नास वर्षे दिले गेले नव्हते. म्हणून जुने दुकानदार खवळले. त्यांचे म्हणणे स्वार्थाचे होते हे खरे, तरी ते निराधार नव्हते. कारखाना आणि दुकान एका हाती आले म्हणजे दुसऱ्याच्या मालास फळीवर जागा मिळत नाही, आणि स्वतंत्र दुकानदारास माल कोणत्या भावाने मिळेल हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीवर राहते. अमेरिकेने १९३५ साली याच भीतीने भिंत घातली होती. आमच्या समाजातील वाचकांस तर ही गोष्ट नवी वाटू नये. १८७८ च्या मक्तेदाराची आणि या योजनेची कुंडली जुळते.

मग लहान माणसास दोन पायऱ्या एकत्र देणारा कायदा कोठे असतो काय? असतो. आंध्र आणि तेलंगण या प्रदेशांत ताडी काढणाऱ्या गौड समाजाने पुष्कळ वर्षे लढून काही मिळविले आहे. तेथे काढणाऱ्यांच्या सहकारी संस्थांस झाडे व दुकाने देण्याची पद्धत आहे, आणि ज्या काढणाऱ्यांची संस्था नाही त्यांस वैयक्तिक परवाना देऊन आपल्याच झाडांची ताडी विकू देणारीही योजना आहे. तिचे नावच 'काढणाऱ्यास झाड' अशा अर्थाचे आहे. ती व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ताडीत भेसळीच्या तक्रारी तेथे वारंवार होतात. केरळात वाट आणखी निराळी पडली. तेथे दुकान कंत्राटदाराचे राहिले, पण काढणारे कामगार म्हणून संघटित झाले, आणि १९६९ साली त्यांच्यासाठी कल्याणनिधीचा कायदा झाला. मालकी नाही, पण म्हातारपणाची तजवीज आहे. आपल्या किनाऱ्यावर मालकीही राहिली नाही आणि निधीही झाला नाही. कारण ज्या काळात तेथे लढे चालले होते, त्या काळात आपले लोक परळ-लालबागच्या चाळींतून खोल्या शोधीत होते.

हा विषय निव्वळ जुना राहिलेला नाही, हे सिंधुदुर्गातील काजूच्या बागा ज्यांच्या आहेत त्यांस निराळे सांगावयास नको. दर उन्हाळ्यात बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग झाडाखाली कुजतात. खाडीपलीकडे त्याच बोंडांची फेणी होते, आणि २००९ साली गोव्याच्या काजूफेणीस भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला. ती फेणी चोरवाटेने इकडे येऊ नये म्हणून इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले यांपासून होणाऱ्या मद्यास विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आपल्या फळाच्या रसास परदेशी म्हणवून घेतल्यावर प्रतिष्ठा आली. शब्दाचे हसू येते, पण ते बाजूस ठेवू. खरा मुद्दा पुढचा आहे. गाळण्याचा परवाना एवढ्या मोठ्या शुल्काचा आणि एवढ्या मोठ्या यंत्राचा असला की तो कंपनीवाचून कोणास पेलू नये, आणि बागाईतदाराने बोंडे कंपनीच्या फाटकाशी नेऊन तिच्या भावाने घालावीत, तर सकाळची सूर संध्याकाळपर्यंत ज्याच्या दारी टाकावी लागे त्या दुकानदाराची आठवण होते. बोंडही एका दिवसापलीकडे टिकत नाही.

लहान भट्टी, ठरावीक मर्यादेपर्यंत, बागाईतदाराच्या किंवा त्यांच्या सहकारी संस्थेच्या नावे असावी; तिला आपल्या आवारात विकण्याची मुभा असावी; आणि मोठ्या कारखान्याने मात्र दुकानात भागी ठेवू नये, अशी मागणी काही मंडळी करू लागली आहेत. आमच्या समाजाने तीस पाठिंबा द्यावा की दारूच्या वाऱ्यासही उभे राहू नये, याविषयी आमच्यातच दुमत आहे, आणि गेल्या वर्षीच्या सभेत त्यावर बरीच तडातडी झाली. वडील मंडळींचे म्हणणे असे की, ज्या शब्दाने आम्हांस शंभर वर्षे हिणविले तो शब्द पुन्हा दारात का आणावा? तरुणांचे म्हणणे असे की, हिणविणाऱ्यांनीच आता त्या शब्दाची बाटली करून विकावयास काढली आहे. आमचे मत तरुणांकडे झुकते, तथापि वडिलांचे दुःख आम्हांस कळते.

हा वाद बाजूस ठेवून एक काम आज सर्वांस करता येण्यासारखे आहे. जुन्या घरांतून, पेटीच्या तळाशी, झाडपट्टीच्या पावत्या, रस काढण्याचे परवाने, दुकानदाराशी झालेली उचलीची कागदपत्रे अद्याप सापडतात. अशी एक पावती हाती आली तरी कोणत्या साली, किती झाडांवर, किती पट्टी होती हे एका घरापुरते निश्चित होते. पन्नास आल्या तर मालवण तालुक्याचा इतिहास लिहिता येईल. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी मूळ कागद आपल्यापाशीच ठेवून त्याची छायाप्रत मंडळाच्या कार्यालयात द्यावी. वाळवी लागलेले कागद उघडण्याचा प्रयत्न घरी करू नये. ते तसेच फडक्यात गुंडाळून आणावेत.